दुबईत पहिल्यांदा येताय? आधी खाडी, मग बुर्ज

दुबई फिरून आलेल्याला "कशी वाटली?" विचारलं की साधारण दोन उत्तरं मिळतात. "काय ती स्वच्छता!" किंवा "सगळं नकली वाटतं बुवा." दोन्ही उत्तरं देणारे बहुतेक एकाच वाटेने गेलेले असतात: विमानतळ, शेख झायेद रोड, मॉल, बुर्ज खलिफा, सफारी, परत विमानतळ. टूरवाल्यांना हा क्रम सोयीचा पडतो. माझ्या मते तो उलटा करावा. हे शहर खाडीवरच्या व्यापारातून उभं राहिलं. ते खाडीपासून बघत गेलं की उंच इमारतींचा अर्थ लागतो आणि खिशालाही कमी चाट बसते.

नोकरीसाठी येणाऱ्यांचे करार, एमिरेट्स आयडी (इथलं रहिवाशांचं ओळखपत्र), भाड्याचं घर हे विषय वेगळे आहेत. इथे लिहिलंय ते आठवडाभरासाठी येणाऱ्यांसाठी, आणि मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदा येणाऱ्या आईबाबांसाठी.

पायरी १: महिना नीट निवडा

नोव्हेंबर ते मार्च. बाकीच्या महिन्यांत हॉटेलं स्वस्त मिळतात, पण ती का स्वस्त आहेत ते विमानतळाच्या दारातच कळतं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि शेजारी समुद्र असल्याने हवा घामट असते. वाळवंट म्हणजे कोरडी हवा अशी कल्पना करून आलेला चष्मेवाला मॉलमधून बाहेर पाऊल टाकतो आणि त्याच्या काचांवर वाफ धरते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. ज्या वेळी मजुरांनाही सावलीत बसवतात, त्या वेळी आपण नातवंडांना घेऊन फोटो काढत हिंडू नये.

आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी म्हणूनच दुबईसाठी सोयीची नाही. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी उत्तम, मात्र नाताळात सगळं महाग असतं.

रमजानमध्ये यायला हरकत नाही. तो दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तारखा आधी बघा. दिवसा हॉटेलं उघडी असतात, पण रस्त्यात खात-पीत फिरू नये. सूर्यास्तानंतर शहर जागं होतं ते पहाटेपर्यंत.

पायरी २: व्हिसा आणि बॅग

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या बहुतेकांना व्हिसा आधी काढावा लागतो. पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असणाऱ्यांना आल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे, तिचे नियम विमान कंपनीकडून तपासून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग किंवा ज्यांच्याकडे राहणार त्यांचे कागद यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. फोनची बॅटरी नेमकी रांगेतच संपते. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५० दिरहम (इथलं चलन) दंड लागतो.

आता बॅगेतलं सामान. आपल्या घरांमध्ये नेमकी इथेच गडबड होते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे. म्हणजे नुसती पुडीच नव्हे. दिवाळीत लेकीसाठी नेणारे अनारसे, खसखस घातलेल्या करंज्या, डिंकाचे लाडू, घरचा गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला यांतही खसखस असते. आईला आधी विचारा आणि असेल तर घरीच ठेवा. विड्याची पानंही आणू नयेत.

औषधांचं तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं इथे नियंत्रित यादीत आहेत आणि ती आणायला आधी सरकारी परवानगी लागते. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या चालतात, पण त्या मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. गोळ्या सुट्या करून डबीत भरायची सवय असेल तर या प्रवासापुरती सोडा.

बाकी यादी लहान आहे. इथले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही, अॅडाप्टर आणा. एक शाल किंवा पातळ स्वेटर आणा, भर उन्हाळ्यातसुद्धा. मेट्रोत, मॉलमध्ये, सिनेमागृहात एसी इतका असतो की आजी-आजोबा कुडकुडतात. मोजड्या आणि उंच टाचा घरी ठेवा, चालायचे बूट घ्या.

पायरी ३: विमानतळ ते मुक्काम

मुंबईहून साधारण तीन तासांचं उड्डाण. इथलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे.

उतरण्याआधी तिकिटावर टर्मिनल कोणतं ते बघा. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोचं स्टेशन आहे. टर्मिनल २ धावपट्टीच्या पलीकडे आहे आणि तिथे मेट्रो नाही, टॅक्सी किंवा बस घ्यावी लागते. विमानतळावरून टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं, शहरात किमान भाडं त्याच्या साधारण निम्मं असतं. टॅक्सी मीटरनेच जाते, घासाघीस नसते आणि "उधर नहीं जाएगा" हे फारसं ऐकू येत नाही. गुलाबी छताच्या टॅक्सी बायका चालवतात, त्या बायका आणि कुटुंबांसाठी. टोलसाठी थांबावं लागत नाही. रस्त्यावरच्या 'सालिक' कमानीखालून गेलं की टोल आपोआप कापला जातो आणि भाड्यात मिळवला जातो, म्हणून शेवटचा आकडा मीटरपेक्षा जास्त दिसला तर ड्रायव्हरशी वाद घालू नका.

भाषेची चिंता नको. अमिरातीत ३५ लाखांहून जास्त भारतीय आहेत. टॅक्सीवाला पेशावरचा, दुकानदार कासरगोडचा, हॉटेलातला पोऱ्या नेपाळचा, आणि सगळ्यांमध्ये चालते ती मोडकीतोडकी हिंदी. अरबी न येता इथे लोकांचे संसार उभे राहिलेत.

फोनचं मात्र लक्षात ठेवा. व्हॉट्सअॅपवर मेसेज आणि फोटो जातात, कॉल लागत नाही. "पोचलो की व्हिडिओ कॉल करतो" असं गावाकडे सांगून निघालात तर तिकडे उगाच काळजी लागेल. इथे परवानगी असलेली बोटिमसारखी अॅप्स आहेत, ती दोन्हीकडे आधीच टाकून ठेवा.

पायरी ४: पहिल्या संध्याकाळी फक्त मेट्रो शिका

नोल कार्ड घ्या. साधं चंदेरी कार्ड २५ दिरहमला मिळतं आणि त्यातले १९ प्रवासासाठी असतात. हेच कार्ड मेट्रो, बस आणि ट्रामला चालतं. एका झोनमध्ये ३, दोन झोनला ५, त्याहून लांब ७.५० दिरहम. मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली आणि तिला चालक नसतो. पुढच्या काचेपाशी उभं राहायला मिळालं तर अर्धं शहर फुकटात दिसतं. पण तो डबा बऱ्याचदा महागड्या गोल्ड वर्गाचा असतो. जमिनीवर गुलाबी पट्टी दिसली की पलीकडचा भाग बायका-मुलांसाठी राखीव. चुकून पुरुष तिकडे उभा राहिला तर १०० दिरहम दंड, आणि डब्यात काही खाल्लं-प्यायलं तरी तेवढाच. च्युइंगमसुद्धा नाही. मुंबई लोकलच्या सवयीने दारात टेकून भेळ काढू नये.

लाल आणि हिरवी अशा दोन मार्गिका आहेत. त्या युनियन आणि बुर्जुमान या दोन स्टेशनांत एकमेकींना भेटतात. रविवारी गाड्या सकाळी आठला सुरू होतात, इतर दिवशी पहाटे. २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच दुकानं बंद राहतात.

आता चालण्याबद्दल, कारण पहिल्या दिवशी सगळे फसतात ते इथेच. नकाशावर ४०० मीटर दिसतं, इमारत समोर दिसते, आणि मधे सहापदरी-बारापदरी रस्ता असतो. तो ओलांडायचा म्हणजे मेट्रो स्टेशनच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं. मधूनच पळत गेलात तर ४०० दिरहमपासून पुढे दंड, आणि वेगाच्या रस्त्यावर त्याहून खूप जास्त. शिवाय इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. लहानपणापासून आधी उजवीकडे बघायची सवय असलेल्या माणसाने इथे आधी डावीकडे बघावं. वयस्कर मंडळींना हे पुन्हा पुन्हा सांगा. हे शहर गाडीत बसणाऱ्यासाठी आखलेलं आहे. पायी चालणाऱ्याला त्याने मॉल आणि पूल दिले, पण फुटपाथ द्यायला बऱ्याच ठिकाणी विसरलं. जुन्या भागात मात्र असं होत नाही, आणि म्हणून पुढची पायरी.

पायरी ५: पहिला पूर्ण दिवस खाडीला द्या

इथले लोक तिला क्रीक म्हणतात. खाडीच्या एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. बुर्जुमानहून हिरव्या मार्गिकेने अल घुबैबाला उतरा, किंवा थेट टॅक्सीने अल फहिदी भागात जा. सकाळी नऊच्या आत पोचलात तर उत्तम.

अल फहिदीत मातीच्या रंगाची जुनी घरं आणि त्यांच्यावर चौकोनी मनोरे दिसतील. ते वाऱ्याचे मनोरे, बर्जील. वरून चारही दिशांचा वारा पकडून तो खाली खोलीत उतरवायचा, ही एसीच्या आधीची सोय. ही घरं बांधली इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या बंदरांत कर वाढले आणि इकडे दुबईच्या शेखांनी व्यापाऱ्यांना करात सवलत दिली. माणसं माल घेऊन आखात ओलांडून आली आणि राहिली. दुबईचं सगळं धोरण त्या एका गोष्टीत आहे: येणाऱ्याला कमी कर, माल उतरवायला धक्का, आणि फार चौकशी नाही.

त्याआधी आणि नंतरही इथलं पोट मोत्यांवर चाले. १९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोती बाजारात आले आणि तो धंदा बसला. मग दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी १९५९ च्या सुमारास कर्ज काढून गाळाने भरत चाललेली खाडी खोल करून घेतली. मोठी गलबतं आत येऊ लागली. दुबईत तेल सापडलं त्यानंतर, १९६६ मध्ये. "तेलाच्या पैशावर झालंय सगळं" असं सहप्रवासी म्हणाला तर हा क्रम त्याला सांगा. तेलाने वेग दिला हे खरंच, पण ते शेजारच्या अबू धाबीच्या मानाने थोडकंच होतं, आणि आज दुबईच्या उत्पन्नात त्याचा वाटा अगदी किरकोळ आहे.

आपल्याशी जोडलेला धागाही याच काठावर आहे. १९६६ पर्यंत इथे भारतीय रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून रुपया बाहेर जायला लागला म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटाही काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि आखाताने तो सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये, अमिराती एकत्र आल्यानंतर दोन वर्षांनी.

बर दुबईच्या कापडबाजारातून चालत धक्क्यावर या. इथे दुकानदार हाका मारतील, पश्मिना दाखवतील, डोक्याला रुमाल गुंडाळून देतील. हसून पुढे निघा. बाजारामागच्या गल्लीत श्रीकृष्णाचं जुनं मंदिर आहे, फुलांच्या आणि प्रसादाच्या दुकानांवरून वाट सापडते. शेजारचं शिवमंदिर २०२४ च्या सुरुवातीला जबेल अलीच्या नव्या मंदिरात हलवलं गेलं. ते नवं मंदिर २०२२ च्या दसऱ्याच्या सुमारास खुलं झालं.

धक्क्यावरून अब्रात बसा. लाकडी होडी, मधे बाक, बाजूला कठडा नाही, भाडं एक दिरहम. सुटे पैसे हातात ठेवा. पाच-सात मिनिटांत देरा. माझ्या मते दुबईतला हा सगळ्यात चांगला दिरहम. दुपारच्या आत आणि पुन्हा सूर्यास्ताला, दोनदा करा.

देऱ्याला उतरल्यावर मसाल्यांचा बाजार. केशर, सुकवलेली काळी लिंबं, लोबान. घासाघीस चालते, निम्म्यापासून सुरू करा. पुढे सोन्याचा बाजार. सोन्याचा दर रोज ठरतो आणि सगळीकडे सारखा असतो, त्यावर घासाघीस होत नाही. होते ती मजुरीवर, आणि ती जोरात करावी. मधेच कोणी कानाशी येऊन "कॉपी वॉच, बॅग" म्हणेल. त्याच्या मागे वरच्या मजल्यावर जाऊ नका. परतीसाठी अल रास स्टेशन जवळ आहे.

पायरी ६: आता बुर्ज

दुसऱ्या दिवशी, दुपार उलटल्यावर. 'बुर्ज खलिफा / दुबई मॉल' स्टेशनला उतरलात की लगेच मॉल येईल असं समजू नका. जवळजवळ पाऊण किलोमीटरचा काचेचा, थंड, सरकत्या पट्ट्यांचा पूल चालायचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीने थेट मॉलच्या दारात उतरावं.

बुर्जची उंची ८२८ मीटर, उद्घाटन ४ जानेवारी २०१०. तिकीट आधी ऑनलाइन काढा. सूर्यास्ताच्या वेळेचं बरंच महाग असतं. १२४ वा मजला पुरतो, १४८ व्या मजल्यासाठी जास्तीचे पैसे देण्याइतका फरक मला जाणवत नाही. खरं तर वर गेल्यावर दिसत नाही ती एकच गोष्ट म्हणजे बुर्ज. बजेट आवळलेलं असेल तर वर न जाता खाली तळ्याच्या काठी बसा. संध्याकाळी सहानंतर कारंज्यांचा खेळ अर्ध्या अर्ध्या तासाने होतो आणि तो फुकट आहे. मॉलमधलं मोठं मत्स्यालयही बाहेरून फुकट दिसतं, तिकीट फक्त आतल्या बोगद्याचं.

उंचीवरून शहर बघायचंच असेल तर झबील पार्कातली दुबई फ्रेम घ्या. १५० मीटर उंच चौकट, तिकीट बुर्जपेक्षा बरंच स्वस्त. एका बाजूच्या काचेतून देरा-कराम्याची बुटकी घरं, दुसऱ्या बाजूने शेख झायेद रोडचे मनोरे. कालची खाडी पाहून आलेल्याला इथे पटकन दिशा लागतात.

पायरी ७: खाणं आणि पैसे

दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की तुमची सहलही महागते. प्रत्येक किमतीला रुपयांत गुणत बसलात तर चहासुद्धा घशाखाली उतरणार नाही, पण पहिले दोन दिवस गुणाच. रोकड थोडी ठेवा, कार्ड सगळीकडे चालतं, काही दुकानांत यूपीआयही. बिलावर ५ टक्के व्हॅट असतो. हॉटेलात खोलीमागे रोजचा 'टुरिझम दिरहम' कर वेगळा लागतो आणि तो बऱ्याचदा ऑनलाइन किमतीत धरलेला नसतो.

स्वस्त आणि चांगलं खायचं तर करामा किंवा बर दुबई. कोपऱ्यावरच्या मल्याळी मंडळींच्या कॅफेटेरियात एक-दोन दिरहमला करक चहा मिळतो, दाट, वेलची घातलेला. गाडीवाले दुकानासमोर हॉर्न वाजवून तो मागवतात. भाजणी, कोकम, मेतकूट यांची आठवण आली तर 'अल अदील'चं दुकान शोधा. विदर्भातून आलेल्या दातार पितापुत्रांनी १९८४ मध्ये बर दुबईत लहानसं किराणा दुकान टाकलं, त्याची आता साखळी झाली आहे. म्हणजे मुलांसाठी वीस किलो किराणा आणायचं ओझं वाचलं. खसखशीचा प्रश्नही मिटला.

नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. ते पिण्याजोगं असलं तरी गच्चीवरच्या टाक्यांमुळे बहुतेक जण बाटलीचं पितात. उन्हाळ्यात थंड नळाला चटका बसेल असं पाणी येतं. म्हणून इथल्या घरांत गीझर बंद करून ठेवतात आणि त्यात साठून गार झालेलं पाणी आंघोळीला घेतात. लेकीने "गीझरचा नळ सोडा, तो थंड आहे" म्हटलं तर तिचं बरोबर आहे.

पायरी ८: काय करू नये

अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सरकारी इमारती आणि लष्करी जागांचे तर नाहीच. रस्त्यात शिवी किंवा हाताचा अश्लील इशारा हा इथे गुन्हा आहे, व्हॉट्सअॅपवरची शिवीसुद्धा. दारू परवाना असलेल्या हॉटेलांत, वय २१ पूर्ण असेल तर. शेजारच्या शारजात तीही नाही. आणीबाणीला पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८.

पायरी ९: एक दिवस अबू धाबी, एक संध्याकाळ वाळवंट

अल घुबैबा बसस्थानकातून ई१०० बस सुटते, २५ दिरहम, दीड-दोन तास. शेख झायेद मशीद बघायला पैसे पडत नाहीत, पण वेळ ऑनलाइन नोंदवावी लागते. बायकांनी डोकं, हात-पाय झाकलेले हवेत. २०२४ मध्ये खुलं झालेलं दगडी स्वामीनारायण मंदिर शहराबाहेर आहे आणि सोमवारी बंद असतं.

सफारीबद्दल एवढंच: गाडी वाळूच्या टेकड्यांवरून आदळते, त्यामुळे आधी पोटभर जेवू नका. पाठीचं दुखणं, गरोदरपण किंवा हृदयाचा त्रास असेल तर थेट तंबूपर्यंत नेणारी साधी गाडी मागा. मिळते.

पायरी १०: परतताना

किमान २५० दिरहमची खरेदी असेल तर पर्यटकाला व्हॅट परत मिळतो. त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते. विमानतळावर मोठी बॅग चेक-इन करण्याआधी परताव्याच्या खिडकीशी जा, कारण माल बघायला मागू शकतात. रांग धरून एक तास जास्त ठेवा.

सोनं घेतलं असेल तर भारतात उतरताना लक्षात ठेवा: दागिन्यांवरची कस्टमची सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांसाठी आहे, आठवडाभर फिरून आलेल्यांसाठी नाही. शुल्क धरून हिशेब करा आणि मगच देऱ्यात बांगड्या पसंत करा. पावत्या हातातल्या बॅगेत, दागिने अंगावर असले तरी.